डोळे वाजतात

आमच्या गावात कुणी झोकांड्या खाताना दिसला की "प्यायलास का?" असं त्याला विचारत नाहीत. "काय रे, डोळे वाजतात का?" असं विचारतात. पारावर बसलेली म्हातारी माणसं विचारतात, आणि हे बोलणं आलं कुठून याचा पत्ता नसलेली कालची पोरंही विचारतात. ते माझ्या वडिलांकडून आलं. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे आत वळलं की आमचं गाव लागतं. त्या गावाला माझ्या वडिलांनी दिलेली ही एकच गोष्ट, आणि ती गावाने अगदी जिवापाड जपली.

माझे डोळे पहिल्यांदा वाजले तेव्हा मी वर्गात होते. मी शहापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, राहते आसनगावला. त्या दिवशी चाचणी परीक्षा होती. पोरं माना खाली घालून लिहीत होती, पंखा बंद होता कारण वीज नव्हती, आणि मी मागच्या वर्गाचे पेपर तपासत होते. ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत नजर गेली की कानात काहीतरी सरकायचं. सुपात तांदूळ एका बाजूने दुसऱ्या बाजूला जावेत तसा आवाज. नजर परत फिरली की पुन्हा तेच. मला वाटलं, बाकाखाली उंदीर आहे. मी नजर थांबवली, आवाज थांबला. फळ्याच्या एका कोपऱ्याकडून दुसऱ्या कोपऱ्याकडे बघितलं. सर्र. मग मी डोळे मिटून घेतले आणि पापण्यांच्या आत बुबुळं हळूच फिरवली. सर्र.

उजव्या कानात माझ्याच डोळ्यांचा आवाज येत होता आणि त्यामागून वडिलांचा. "डोळे वाजतात गो माझे," असं ते आम्हा दोघी बहिणींना सांगायचे आणि आम्ही खिदळायचो.

वडील शाकारणीचं काम करायचे. पावसाळ्याआधी आसपासच्या गावांतली घरं त्यांच्या हाताखालून जायची. आढ्यावर बसून फुटकी कौलं काढायची, सरकलेली बसवायची, आणि वरूनच खालच्या माणसांशी थट्टा करायची. मग केव्हातरी ते डोळे वाजतात म्हणू लागले. चालताना माझ्याच टाचा डोक्यात आपटतात, असंही म्हणायचे. त्यांना कुणी मनावर घेतलं नाही. एका लग्नाच्या दिवशी शेजारच्या घराचं छप्पर चाळत असताना खाली कुणीतरी ॲटम बॉम्ब फोडला, आणि वडील आढ्यावरून भरलेली गोणी पडावी तसे खाली आले. हाड मोडलं नाही. पण त्या दिवसापासून ते छपरावर चढले नाहीत, आणि "पिऊन चढला होता" हे वाक्य गावभर झालं.

पुढचं सगळं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ढोल वाजला की ते कलायचे. बांधावरून चालता यायचं नाही म्हणून भातखाचरातून, चिखल तुडवत जायचे. पाहुणे आले की वडिलांच्या सदऱ्याला मोहाच्या दारूचा वास यायचा. माझ्या लग्नात मांडवात बँड लागला तेव्हा माझे वडील घरामागच्या गोठ्यात, डोक्यावरून घोंगडी घेऊन, एका कानावर हात दाबून बसले होते. कन्यादान चुलत्याने केलं. निघताना मी गोठ्यात पाया पडायला गेले तर तोच वास. मी श्वास रोखून वाकले आणि निघून आले. असा बाप कुणाच्या वाट्याला येऊ नये, असं मला तेव्हा मनापासून वाटलं. पुढे कित्येक वर्षं मी शाळेत व्यसनमुक्तीवर निबंध लिहून घेत आले, आणि "व्यसनी माणूस आपल्या मुलांचं बालपण पितो" हे वाक्य मी स्वतः तयार करून फळ्यावर लिहायचे. पोरं ते पाठ करायची.

ते गेले ते साध्या तापाने. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. कावळे झाडावर बसलेले, बघत होते, उतरत नव्हते. माणसं एकेक बोलू लागली, शेताकडे बघू, पोरींना अंतर देणार नाही. कावळा ढिम्म. शेवटी चुलता हसत म्हणाला, "अरं, त्याला काय पायजे त्ये ठेवा ना!" आणि कुणीतरी पानाशेजारी देशीची बाटली उघडून ठेवली. तरीही नाही. मग आई पुढे झाली. पदर तोंडाशी धरून पिंडाजवळ वाकली, काहीतरी पुटपुटली आणि मागे सरली. ती मागे सरते न सरते तोच कावळा उतरला. बाटलीला त्याने चोचही लावली नाही. आई काय बोलली हे मी तेव्हा विचारलं, नंतरही विचारलं. "काय नाय गो," एवढंच ती म्हणायची.

आणि आता माझेच डोळे वाजत होते. सुरुवात महिनाभराच्या कोरड्या खोकल्यानंतर झाली. आधी डोळे, मग पावलं. स्टेशनवरून घरी येताना माझ्या मागे कुणीतरी जड टाचेने चालायचं. मी थांबले की थांबायचं. मागे वळून बघण्याची मला लाज वाटे, कारण मी विज्ञान शिकवते, पण मी बघायचे. रस्ता मोकळा असायचा. जेवताना चावण्याचा आवाज इतका मोठा की समोरचा काय बोलतो ते कळेना. उशीवर कान टेकला की नाडी ठोके द्यायची, दुसऱ्या कुणाची तरी नाडी माझ्या डोक्यात ठेवल्यासारखी. माझा आवाज मला रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखा येई. शाळेत रुळाच्या तुकड्याची घंटा आहे. ती वाजली की फळा वर चढायचा, पोरं तिरकी व्हायची, आणि मी टेबल धरायचे. शिंकले तरी तेच.

खरं सांगते, मला भीती आजाराची नव्हती. मला वाटायला लागलं होतं की वडील माझ्यात राहायला आले आहेत. गोठ्यात मी ज्यांच्यासमोर श्वास रोखला होता ते आता माझ्या आत, माझ्याच टाचांनी चालत होते, आणि मी श्वास कितीही रोखला तरी ते जाणार नव्हते.

मग गावी चुलतभावाच्या मुलीची हळद आली. संध्याकाळी अंगणात बँजो आणि दोन माणूस उंचीचे स्पीकर. पहिला ठोका पडला आणि अंगण माझ्या उजव्या अंगाने उचललं गेलं. मी खुर्चीसकट कलंडले. पाच-सहा बायका धावल्या. चुलता, तोच कन्यादानवाला, खुर्चीत पानाला चुना लावत म्हणाला, "बापाचे डोळे वाजाचे, आता लेकीचे पन वाजाय लागलं!" सगळं अंगण हसलं. जिने आयुष्यात साधं कफ सिरपसुद्धा लेबल दोनदा वाचून घेतलं, तिला दारुडी म्हणत होते. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, पण उठून बोलायला जमीन सरळ नको का?

आईने मला उठवलं. तिने कुणाला काही विचारलं नाही. बगलेत हात घालून मला घरामागे नेलं, गोठ्यातल्या कुडाला पाठ टेकवून बसवलं, तिथलीच घोंगडी माझ्या डोक्यावर घातली आणि माझ्या उजव्या कानावर आपला तळहात दाबून धरला. जग हळूहळू जागेवर आलं. आईचा हात सवयीचा होता. इतका सवयीचा, की दुसऱ्या दिवशी परतताना एसटीत मी त्याचाच विचार करत राहिले. कान कोणता, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. वडील ज्या कानावर हात दाबायचे तोच तिने धरला होता.

त्यानंतर मी डॉक्टरांच्या मागे लागले. शहापूरच्या डॉक्टरांनी मानेचा पट्टा दिला. दुसऱ्यांनी चक्करच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी मला पलंगावर आडवं करून डोकं इकडून तिकडे वळवलं, कानातले खडे जागेवर बसतात म्हणाले. काहींचे बसतातही, माझे बसले नाहीत. एकाने "पाळी जाण्याचं वय आहे, टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं. त्याला मी दोन शब्द सुनावले आणि स्वतःच्याच आवाजाने गरगरून खुर्ची धरली. तो म्हणाला, "बघा, टेन्शन."

शेवटी कल्याणच्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्या विद्यार्थिनी शोभतील अशा. त्यांनी आधी कान तपासला, पडदा ठीक होता. मग आपटला की घुमतो तो लोखंडी चिमटा, ट्यूनिंग फोर्क, घेतला आणि मला चप्पल काढायला सांगितली. चिमटा त्यांनी माझ्या उजव्या पायाच्या घोट्याच्या हाडावर टेकवला. मी कान तपासायला आले होते आणि ही मुलगी घोटा तपासत होती. पण त्या चिमट्याचा आवाज मला ऐकू आला. पायात नव्हे, उजव्या कानात, स्पष्ट.

"येतो आवाज?"

"येतो."

त्यांनी चिमटा खाली ठेवला, खुर्ची माझ्या जवळ ओढली आणि विचारलं, "मॅडम, एक विचित्र प्रश्न विचारते, हसू नका. डोळे फिरवले की डोळ्यांचा आवाज येतो का तुम्हाला?"

मी हसले नाही. मी रडायला लागले. त्यांना वाटलं, आजाराला घाबरले. त्या धीर देत राहिल्या, आणि मी मात्र एकच ऐकत होते. शिकलेल्या, शुद्धीवरच्या, पांढऱ्या कोटातल्या माणसाने माझ्या वडिलांचं वाक्य उच्चारलं होतं, आणि त्याला आजाराची खूण म्हटलं होतं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पुढच्या तपासण्या झाल्या. डोळ्यांवर काळा चष्मा चढवून कानात आवाज सोडला आणि पडद्यावर माझेच डोळे मला दाखवले. प्रत्येक आवाजासरशी बुबुळं वर जाऊन गोल वळत होती, मी न वळवता. मानेला तारा लावून आणखी एक तपासणी. मग कानाच्या हाडाचा बारीक काप घेणारा सिटी स्कॅन. डॉक्टरीणबाईंनी फिल्म उजेडासमोर धरली. कानाच्या आत तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. वरच्या नळीवर हाडाचं छप्पर असतं. माझ्या उजव्या कानात त्या छपरात भोक होतं.

"तुमच्या घराला कौलं आहेत?" त्यांनी विचारलं. "माहेरी होती," म्हटलं. "मग एक कौल सरकलंय असं समजा. आवाज, दाब, सगळं तिथून शिरतं आणि आतलं पाणी हलवतं. पाणी हललं की मेंदूला वाटतं, तुम्ही फिरताय."

मी वडिलांचं विचारलं. त्या जपून बोलल्या. हाड जन्मापासून पातळ असू शकतं, एखाद्या खोकल्याने, धक्क्याने उघडतं, काही घरांत एकापेक्षा जास्त माणसांना आढळतं. "पण त्यांचा स्कॅन बघितल्याशिवाय मी होही म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही." पुरावा हाडात होता, आणि ती हाडं आम्ही जाळून नदीत सोडली होती. आयुष्यभर दुसऱ्यांची कौलं बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यातलं कौल सरकलेलं होतं की नाही, हे आता फक्त एकाच माणसाला ठाऊक असण्याची शक्यता होती. ते माणूस गावात वाल निवडत बसलं होतं.

मी फिल्मची पिशवी घेऊन सरळ गावी गेले. आई ओटीवर सुपात वाल घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसले.

"आये, बाबा खरंच पियाचे का गो?"

"आता कशाला काढतेस त्ये?"

मी फिल्म दाखवली. भोक दाखवलं, ते ऑपरेशनने बुजवायचं ठरलंय हे सांगितलं. ती फिल्म तिने उलटी धरली होती, पण ऐकत होती. डॉक्टरांनी डोळे वाजतात का असं विचारलं म्हटल्यावर तिचा हात वालात थांबला.

"डाक्टरनी इचारलं? तू सांगायच्या आदी?"

"आधी."

"म्हंजे असा आजार असतो?"

"असतो, आये."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "नाय पियाचा तुजा बापूस. कदीच नाय प्यायला."

"मग वास?"

"वास मी लावाची."

मला आधी कळलंच नाही. ती सांगत गेली, वाल निवडताना बोलतात तशा सुरात. छपरावरून पडल्यावर गावात दोन तऱ्हेची कुजबुज सुरू झाली होती. काही म्हणत पिऊन पडला. काही म्हणत फेफरं आलं. "तुमी दोगी पोरी. फेफरंवाल्याची पोर कोन करतो? रगतात हाय म्हनतात. दारुड्याच्या पोरी उजवतात गो. दारुडा काय, दर घरात एक हायेच." तिने मोहाची एक बाटली आणून धान्याच्या कणगीमागे ठेवली. पाहुणे येणार असले की वडिलांच्या सदऱ्याच्या गळ्याला, खांद्यांना लावायची.

"आनि बाबा?"

"त्ये? उबं ऱ्हाचे. हात वर करून, लहान पोरागत. वासानं मळमळाचं त्यांना. तरी ऱ्हाचे."

आतापर्यंत वडिलांबद्दल एकेरीत बोलणारी आई त्या एका वाक्यापुरती 'ते' म्हणाली. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तुम्ही दोघांनी मिळून माझा बाप मारला, असं काहीतरी. माझा आवाज माझ्याच डोक्यात फुटला, ओटी उजवीकडे उचलली गेली आणि मी खांबाला मिठी मारली. आईवर धड रागावण्याचीसुद्धा सोय माझ्याकडे राहिली नव्हती. ती उठली, आणि तिने माझ्या उजव्या कानावर तळहात दाबला.

तशीच, तिच्या हाताखाली असताना, मी विचारलं. "दहाव्याला तू काय बोललीस?"

"पोरींना सांगन, म्हनलं. तुमी पियाचे नाय, त्ये सांगन त्यांना. लगीच शिवला."

"मग का नाही सांगितलंस?"

"धाकटीचं लगीन व्हाचं व्हतं. मग तुला पोर झाली. उद्या तिचं पन कराचंय. सांगू कवा?" आणि मग, माझ्याकडे न बघता, "वाट बगून बगून शेवटी तुज्याच कानात येऊन बसला."

निघताना तिने बजावलं, ऑपरेशनचं कुणाला सांगू नको, गाठ काढली म्हण. मला तिचा राग आला होता आणि तिच्या हाताची ऊब अजून कानावर होती. दोन्ही एकदम.

ऑपरेशन कानाच्या मागून करायचं होतं. हाड कोरून नळीपर्यंत जायचं आणि माझ्याच हाडाचा भुसा, माझ्याच स्नायूवरच्या पातळ आवरणाचा तुकडा घालून ती बुजवायची. नळी कायमची बंद. ऐकू येणं थोडं कमी होऊ शकतं, क्वचित पूर्ण जाऊ शकतं. मी त्याला घाबरले नव्हते. मला वेगळ्याच गोष्टीने झोप लागेना, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. आदल्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या खाटेवर मी डोळे मिटून बुबुळं फिरवत राहिले. सर्र. सर्र. बाबा, मी म्हटलं, मला आता कळलंय. आता तुम्ही गेलात तरी चालेल. पण चालणार नव्हतं. बाप नुकताच परत मिळाला होता, आणि मी सही करून त्याला बुजवायला निघाले होते.

शुद्धीवर आले तेव्हा छत गोल फिरत होतं. पुढचे काही आठवडे उलट्या, भिंत धरून चालणं, भिंतीवरच्या ठिपक्याकडे बघत मान हलवण्याचे व्यायाम. शाबूत कानाकडून मेंदू पुन्हा तोल शिकतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिकत होता, पण माझ्या चौथीच्या वर्गासारखा, आज शिकून उद्या विसरत.

जरा बरी झाले तशी आईकडे गेले. ती मला रोज खाचराच्या बांधावर चालवायची. मी पाऊल पुढे टाकायचे आणि ती खाली चिखलातून माझ्या बाजूने चालायची, हात अर्धवट वर धरून. एकदा ती म्हणाली, "तवा असतं का गो ह्ये आपरेशन?" मी खरं तेच सांगितलं, तेव्हा हा आजार डॉक्टरांनासुद्धा ठाऊक नव्हता. तिने मान हलवली. तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही.

परत येताना पारावरून यावं लागतं. त्या दिवशी मी दमले होते आणि पाय थोडे वेडेवाकडे पडत होते. पारावर सात-आठ माणसं होती, चुलता मध्ये. त्याने मला लांबून पाहिलं आणि वाट बघितली. आम्ही समोर आल्यावर म्हणाला, "काय गो, डोळे वाजतात का?"

हसले सगळे. मी पुढे निघाले. आई निघाली नाही.

"वाजाचे," ती म्हणाली.

मी वळले. ती पारासमोर उभी होती, पायांना पोटरीपर्यंत चिखल.

"त्याचे डोळे वाजाचे. खरंच वाजाचे. कानातलं हाड फुटकं व्हतं. माज्या लेकीचं पन व्हतं, मुंबईला डाक्टरनी बुजवलं. ऑपरेशन केलं तिचं, गाठबीठ नाय काडली." ती थांबेना. "दारूचा थेंब नाय लागला त्याच्या तोंडाला. वास मी लावाची सदऱ्याला. मी. पोरी उजवाच्या व्हत्या म्हनून. आता म्हना काय म्हनाचं त्ये."

चुलता हातातल्या पानाकडे बघत राहिला. माझ्या मुलीचं स्थळ याच तालुक्यात बघायचं चाललं होतं, हे आईला माहीत होतं. सांगण्यासारखं सगळं सांगून झाल्यावर तिने पदराने तोंड पुसलं, वर पिंपळाकडे बघितलं, जणू तिथे कुणी बसलंय, आणि माझ्याकडे आली.

"आता वाजतात का तुजे?" तिने हळूच विचारलं.

मी डोळे डावीकडे नेले, उजवीकडे नेले. मिटून फिरवले. काहीच नाही.

"नाही, आये."

"मग ग्येला," ती म्हणाली, आणि दहाव्याला रडली नव्हती ती तिथे, पारासमोर, सगळ्यांदेखत रडायला लागली.